दंडाचा नियम कोठे ठेवावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे याचे काही मित्रांना नवल वाटेल. 'कमवा आणि शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करतो. देवघेवीच्या नोंदी वहीऐवजी संगणकावर ठेवता याव्यात म्हणून गेल्या वर्षी मी जँगो या फ्रेमवर्कवर एक लहानशी प्रणाली तयार केली. घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेले नाही. अडले तर विचारायचे कोणाला, ही धास्ती होतीच.

जँगो म्हणजे वेबवरील प्रणाली उभारण्याचा तयार सांगाडा. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याचे काम सुरू केले. २००५ मध्ये तो सर्वांना खुला झाला. त्यात प्रणालीच्या प्रत्येक घटकाला 'अ‍ॅप' म्हणतात. अ‍ॅपची माहितीची कोष्टके व पाने स्वतःची असतात. लॉगिनची व्यवस्था आणि व्यवस्थापकाचे पान हीसुद्धा जँगोबरोबर येणारी अ‍ॅपच होत.

मी तीन अ‍ॅप केली : पुस्तक देणे, परत घेणे आणि थकबाकीची यादी. खिडकीवर काम ज्या क्रमाने चालते, त्याच क्रमाने. विभागणी दिसायला नीटनेटकी होती. पण दंडाचा हिशेब तिन्ही ठिकाणी लिहिलेला होता. दिवाळीनंतर नियम बदलला. सुट्टीचे दिवस मोजायचे नाहीत असे ठरले. मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तिसरे विसरलो. प्रथम वर्षाच्या एका मुलीने पुस्तक परत केले, तेव्हा दंड शून्य आला. तिने दुसरे मागताच पडद्यावर उमटले, 'थकबाकी १४ रुपये'. मी पडद्यावर विश्वास ठेवला आणि तिला परत पाठवले. ती पुढे पंधरा दिवस ग्रंथालयाकडे फिरकली नाही. चौदा रुपये म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.

पुढे डेव्हिड पार्नास यांचा १९७२ सालचा लेख वाचनात आला. शब्दसूची करणारी एकच प्रणाली त्यांनी दोन तऱ्हांनी विभागून दाखवली आहे. पहिली तऱ्हा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे. दुसरीत, पुढेमागे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका घटकात झाकून ठेवलेला. माझी चूक जँगोच्या जन्माआधी तीस वर्षे छापून झाली होती!

आता दंड हे वेगळे अ‍ॅप आहे. देवघेवीचे अ‍ॅप त्याला मुदतीची व परतीची तारीख देते. ते रुपये सांगते. सभासद कोण, पुस्तक कोणते, हे त्याला ठाऊकच नाही. दर आणि सुट्ट्या मात्र त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नाहीत.

"मग प्रत्येक नियमाचे एक अ‍ॅप करा की!" असे आमचे एक प्राध्यापक थट्टेने म्हणाले. ते मला पटत नाही. नाव यादीतून खोडले की अ‍ॅप अलगद निघते, हे बोलायला सोपे आहे. देवघेवीची प्रत्येक नोंद ग्रंथांच्या कोष्टकाकडे बोट दाखवते. ग्रंथ काढले तर ती उभी राहणार नाही. असे धागे राहणारच. मात्र ते एका दिशेने असावेत : देवघेवीला ग्रंथ माहीत असावेत, ग्रंथांना देवघेव माहीत असण्याचे कारण नाही.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्ट्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःच भरल्या. मी तेव्हा गावी सुगीच्या कामाला गेलो होतो.