नांगर : शेतांतला आणि समुद्रांतला

गडहिंग्लजच्या आसपासच्या खेड्यांत इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचला म्हणजे एक अडचण हटकून उभी राहते. आशा ही जिवाचा नांगर आहे, असा तेथील एकोणिसाव्या वचनाचा भावार्थ. ऐकणारा शेतकरी, नांगर म्हटला कीं त्याच्या डोळ्यांपुढें फाळ, रुमणें व बैलांची जोडी उभी राहते. अशाच एका वाचनाच्या वेळीं एका वडील गृहस्थांनीं अर्थ सांगितला तो असा : नांगरल्यावांचून पेरणी होत नाहीं, तशी आशा अंतःकरण नांगरून मऊ करते. अर्थ गोड, पण त्या वचनांतला नव्हे. उपदेशकानेंही मान डोलावली, ह्याचें मात्र वाईट वाटलें.

हा नांगर जहाजाचा. इंग्रजींत त्यास अँकर म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेंतून आला व लॅटिननें तो ग्रीक भाषेंतून घेतला. नव्या कराराच्या मूळ ग्रीकांत येथें तोच शब्द आहे. शेतांतल्या नांगरास इंग्रजींत निराळें नांव असल्यामुळें तेथें घोटाळा होत नाहीं. आपण मात्र शेतही नांगरतों व बंदरांत गलबतही नांगरतों. एका नांगराचें काम पुढें जाण्याचें, दुसऱ्याचें जागीं धरून ठेवण्याचें.

आपली हिरण्यकेशी आंबोलीस उगम पावून पूर्वेकडे वाहते. तिच्यांत गलबत येत नाहीं. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्यास जावें, म्हणजे हा नांगर पाहावयास मिळतो. लोखंडी दांडा, खालीं वांकडे आंकडे, वर दोर अगर साखळी. पुष्कळांस वाटतें, तो केवळ वजनानें गलबत धरतो. तसें नव्हे. दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब सोडावा लागतो. तेव्हां ओढ आडवी बसून आंकडा तळांत रुततो. दोर आंखूड ठेवला तर ओढ वरच्या बाजूस होते, आंकडा उपटतो व जड नांगरही फरफटत जातो. गलबत धरणारी जागा गलबताच्या बाहेर, डोळ्यांआड असते. पत्रकर्ता हा नांगर पडद्याच्या आंत गेलेला म्हणतो, तें ह्याचमुळें समजतें.

प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय ह्यासोबत वाचावा. वादळाची चौदावी रात्र. खलाशांनीं पाणी मापलें तों वीस वांव, थोड्या वेळानें पंधरा. (वांव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारें माप.) खडकावर आदळूं ह्या भयानें त्यांनीं जहाजाच्या मागून चार नांगर टाकले. मग पुढूनही नांगर टाकावयाचे आहेत, अशी बतावणी करून त्यांनीं होडी खालीं सोडली. खरा बेत पळून जाण्याचा होता. पौलानें तो ओळखला. उजाडल्यावर किनाऱ्यास लागावयाचें ठरलें, तेव्हां तेच चार नांगर समुद्रांत सोडून दिले. जहाजावर २७६ माणसें होतीं, सर्व वांचलीं.

हल्लीं बातम्या सांगणाऱ्यासही अँकर म्हणतात. कार्यक्रम भरकटूं न देणारा, एवढाच तेथें अर्थ.

पण त्या वडील गृहस्थांचा पक्षही अगदींच निराधार नाहीं. सन १९३३ मध्यें केंब्रिजचे गणिती जेफ्री टेलर ह्यांनीं लहान नावांकरितां एक नवा अँकर काढला. त्याचा आकार दोन फाळ पाठीस पाठ लावावे तसा, शेतांतल्या नांगराच्याच धर्तीवर. ओढ बसली कीं तो तळ नांगरीत खालीं खालीं रुतत जातो. हें त्यांस सांगितलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "मग ह्या नांगराचे बैल कोणते?" वारा, असें उत्तर द्यावें लागलें.