आधी सीट, मग एरोबार

एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून पुढे वाकायचे बार, विकत घ्यायच्या आधी सीट नीट लावून घे. तुझ्या ग्रुपमधली मुलं उलटं करतात. बार आणतात, हँडलवर बसवतात, स्टेमखालचे सगळे स्पेसर काढून हँडल होईल तितकं खाली पाडतात, आणि थोड्याच वेळात पाठ धरली म्हणून बार सोडून ब्रेकच्या हूडवर हात ठेवून घरी येतात. गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये तुला 1.9 किलोमीटर पोहून 90 किलोमीटर सायकल मारायची आहे आणि उतरल्या उतरल्या 21.1 किलोमीटर पळायचं आहे. एवढा वेळ जी बैठक धरवेल आणि उतरल्यावर ज्या बैठकीतून पाय पळायला तयार निघतील, तीच तुझ्यासाठी वेगवान. दुसऱ्याचा फोटो बघून ती ठरवता येत नाही.

वाऱ्याचं एवढं का मनावर घ्यायचं, तेही सांगते. सपाट रस्त्यावर ताशी 30 च्या पुढे गेलीस की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ती हवा सायकलपेक्षा तुझं अंग जास्त अडवतं. ताशी 30 वरून 33 वर जायचं म्हटलं तर वेग वाढतो दहा टक्के, पण हवेसाठी लागणारी ताकद वाढते तेहतीस टक्के. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये घोळक्यात शिरून दुसऱ्याच्या मागे आडोसा घेता येतो. तुझ्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे सगळा वारा एकटीनेच घ्यायचा.

बुटाच्या क्लीट आधी घट्ट आणि सरळ करून घे, कारण त्या हलल्या की पुढची सगळी मापं फुकट जातात. मग सायकल ट्रेनरवर चढव. टाच पायडलवर ठेवून पाय अगदी खाली ने. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता बूट नेहमीसारखा अडकव, तळाशी गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक उरेल. ही झाली सुरुवात. मागून दादाला बघायला सांग. पायडल मारताना तुझी कंबर डुलत असेल तर सीट उंच आहे. डुलणं थांबेपर्यंत दोन-दोन मिलिमीटर खाली घे, घाई करू नकोस.

आता सीट पुढे-मागे करायची. ट्रायथलॉनची खरी मेख इथे आहे. रोड सायकलवर सीटच्या नळीचा कोन 73 अंशांच्या आसपास असतो. ट्रायथलॉनच्या सायकलवर तो 76 ते 80 अंशांपर्यंत जातो, म्हणजे स्वार बराच पुढे बसतो. डॅन एम्फील्ड यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी क्विंटाना रू या नावाने खास ट्रायथलॉनची सायकल काढली ती याच विचाराने. कंपासपेटीतला कर्कटक घे. टोक क्रँकच्या मधोमध रोवलं आहे असं समज आणि तुझं अख्खं शरीर त्याभोवती पुढे फिरव. खांदे खाली येतात, पण मांडी आणि पोट यांच्यातला कोन आहे तेवढाच राहतो. सीट मागे ठेवून नुसतेच हात खाली नेलेस तर तो कोन मिटतो. प्रत्येक फेरीला गुडघा पोटाला लागतो, श्वास वर अडकतो, प्यायलेलं पाणी घशाशी येतं आणि पळताना पाय लाकडासारखे होतात.

तुझी सायकल रोडचीच आहे, हरकत नाही. सीट रुळावर जेवढी पुढे सरकते तेवढी सरकव. तेही कमी पडलं तर पुढे झुकलेला सीटपोस्ट मिळतो. फक्त एक लक्षात ठेव, सीट पुढे गेली की ती पायडलच्या जवळ येते. म्हणून एक सेंटिमीटर पुढे नेलीस की साधारण तीन मिलिमीटर वर घे. हे कोणी सांगत नाही, आणि मग मुली आठवडाभर गुडघे दुखतात म्हणून फिरतात.

सीटच्या दुखण्याबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. एरोबारवर वाकलीस की ओटीपोट पुढे कलतं आणि बसण्याच्या हाडांवरचं वजन पुढच्या नाजूक भागावर येतं. तिथे मुंग्या आल्या, बधिर झालं किंवा सूज आली तर ते सहन करायचं नाही. पुढून दोन फाटे असलेली सीट घे, तिच्यावर मधला भाग मोकळा राहतो आणि वजन दोन्ही बाजूंच्या हाडांवर जातं. दुकानदाराने गिऱ्हाइकांना बसून बघण्यासाठी ठेवलेली सीट असेल तर ती मागून घेऊन दोन-तीन आठवडे चालव. टोक एक-दोन अंश खाली कलव, जास्त नको. जास्त कललं की तू पुढे घसरत राहशील आणि ते घसरणं थोपवायला खांदे आणि हात राबतील. ट्राय-सूटच्या आत चड्डी घालायची नाही, तिची शिवणच जास्त सोलते. लांब सरावाआधी क्रीम लाव, आणि घरी आलीस की घामट कपड्यांत बसून राहू नकोस.

1989 च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस सगळे एरोबारसाठी सांगतात. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटर, लॉरां फिन्यों 50 सेकंदांनी पुढे. ग्रेग लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले बार लावले, डोक्याला निमुळतं हेल्मेट घातलं आणि अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकली. फिन्यों साध्या वळलेल्या हँडलवर, हेल्मेटविना, वेणी वाऱ्यावर सोडून धावला. मी मात्र या गोष्टीत आणखी एक सांगते. त्या दिवशी फिन्योंला बसायच्या जागी गळू झालं होतं. त्या 8 सेकंदांत त्याचा वाटा किती हे कुणालाच मोजता येणार नाही, पण बसायच्या जागेवर जखम घेऊन कोणीही नीट वाकून बसू शकत नाही.

सीट मनासारखी लागली की एरोबारवर कोपरं टेकवायच्या पॅडकडे वळ. कोपराचं टोकदार हाड पॅडवर नको. त्याच्या दोन-तीन बोटं पुढे, मांसल भागावर पॅड यायला हवा. दंडाचा आणि हाताचा कोपरात होणारा कोन 90 अंश किंवा थोडा जास्त. मग ही परीक्षा घे: पायडल मारताना बोटं बारवरून उचल, नुसते पंजे हवेत धर. धड जागचं हललं नाही, खांदे ताठले नाहीत, तर वजन हाडांवर उतरलं आहे. पुढे कोसळल्यासारखं झालं तर हात-खांद्यांनी तू स्वतःला धरून ठेवलं होतंस. पॅड फार लांब आहेत का, सीटचं टोक फार कललंय का, ते बघ. सारखी सीटच्या टोकावर येऊन बसत असशील तर शरीर तुला सांगतंय की सीट अजून पुढे हवी. त्याचं ऐक.

पॅडची उंची पहिल्यांदा जास्तच ठेव. एका मोसमात स्पेसर एकेक करून काढता येतात. बारची पुढची टोकं दहा-पंधरा अंश वर उचललीस तर मानेला आणि खांद्यांना बरं वाटतं, आणि पंजे चेहऱ्यासमोर आल्याने बऱ्याच जणांना वाऱ्यातही फायदा होतो. कोपरं एकमेकांना चिकटवायच्या नादाला लागू नकोस. छाती आवळली जाऊन श्वास तोकडा पडला तर वाऱ्यात मिळवलेलं सगळं तिथेच खर्च होतं.

सगळ्यात स्वस्त वेग डोक्यात आहे, म्हणजे खरोखरच डोकं कुठे ठेवतेस यात. बहुतेकजण मान उंचावून, कपाळ वाऱ्याला देऊन चालवतात. खांदे कानांकडे किंचित उचल, मान आत घे, हनुवटी पंजांच्या दिशेने खाली सोड आणि नजर भुवयांखालून पुढे ठेव. आरशासमोर ट्रेनरवर करून बघ, समोरून दिसणारा तुझा आकार केवढा लहान होतो ते लगेच कळेल. पण रस्ता दिसेनासा होईल इतकी मान खाली कधीच घालू नकोस. आपल्या रस्त्यांवर रंग उडालेले गतिरोधक असतात, खड्डे असतात, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल असते, आणि बारवर असताना ब्रेक हाताशी नसतो. गर्दीत, उतारावरच्या वळणावर, पाणी घ्यायच्या ठिकाणी आणि दुसरी सायकल शेजारी असताना हात हँडलवर. हे मी तुला आत्या म्हणून बजावते आहे.

क्रँकचं थोडक्यात. तुझ्या उंचीला 172.5 मिलिमीटरचा क्रँक लांब आहे. 165 चा लावलास तर सीट साडेसात मिलिमीटर वर जाते आणि वरच्या टोकाला गुडघा सीटच्या मानाने 15 मिलिमीटर खाली राहतो. पोटाला जागा मिळते. पैसे असतील तर महागड्या चाकांआधी हे कर, अंगाला चिकटून बसणारा सूट आणि चांगलं हेल्मेट घे. फडफडणारी जर्सी घालून कार्बनची चाकं फिरवण्यात अर्थ नाही. पाण्याची बाटली दोन हातांच्या मध्ये आडवी बांध. तिथे ती वाऱ्याला फारशी आडवी येत नाही, आणि बार न सोडता पिता येतं. गोव्याच्या दमट उन्हात, दर थोड्या वेळाने दोन घोट प्यायची सवय लागण्यासाठी हे फार उपयोगी पडतं.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. मोबाईल स्टुलावर कंबरेच्या उंचीला ठेवून बाजूने आणि समोरून चित्रण घे. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचीच बैठक सुंदर दिसते, म्हणून चाळिसाव्या मिनिटाचं चित्रण बघ. तेव्हा पाठ कुबड काढते का, गुडघे बाहेर फाकतात का, एक खांदा पडतो का, हे दिसतं. लगेच बूट बदलून पंधरा मिनिटं पळ. पळताना कंबर उघडत नसेल तर पॅड एक स्पेसर वर ने, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

वेग तपासायचा असेल तर पॉवर मीटर उसना घे. पहाटे वारा पडलेला असताना एकाच मोकळ्या रस्त्यावर तेवढ्याच वॉटवर जाऊन-येऊन कर: आधी जुनी बैठक, मग नवी, मग परत जुनी. जुनीचे दोन्ही आकडे जुळले तरच मधल्यावर विश्वास ठेव. फिटरकडे जाणार असशील तर शर्यतीचेच बूट आणि सूट घेऊन जा, आणि लहानपणी मुरगळलेला घोटा त्याला आधी सांग.

गोव्याला सायकल पेटीत घालून नेशील तेव्हा सीटपोस्टवर, बारवर आणि पॅडच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा कर. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या टोकापासून पॅडच्या मागच्या कडेपर्यंत, आणि जमिनीपासून पॅडपर्यंत, ही तीन मापं वहीत असू देत. तिथे पोचल्यावर स्वतःच्या हाताने जोड. बहुतेक भागांवर किती न्यूटन मीटर आवळायचं ते छापलेलं असतं. टॉर्क पाना बरोबर ने आणि त्या आकड्याच्या पुढे जाऊ नकोस, कार्बनला चीर जाते. सायकल जमा करायच्या आधी मिरामारच्या रस्त्यावर अर्धा तास चालव, मुद्दाम दोन-चार ठिकाणी हादरे बसू देत, आणि परत येऊन एरोबारचे बोल्ट पुन्हा तपास.