पुनरुत्थानाच्या सणाचा खर्च

शास्त्रपाठ : मार्क १६ : १-८

पहिल्या ईस्टरसाठीं कोणी कांहीं विकत घेतलें होतें काय? होय. शब्बाथ सरल्यावर मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया व सलोमे यांनीं सुगंधद्रव्यें विकत घेतलीं, असें मार्क सांगतो. तीं प्रभूच्या देहास लावावयाचीं होतीं. परंतु कबर रिकामी निघाली आणि तीं हातांतच राहिलीं. प्रीतीनें केलेल्या त्या खर्चास आम्ही दोष देत नाहीं. मात्र त्या दिवसाचा आनंद खरेदींतून आला नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

आज याच सणाची खरेदी किती वाढली आहे, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहूं. तेथील किरकोळ व्यापाऱ्यांचा राष्ट्रीय संघ दरवर्षीं सणापूर्वीं लोकांस त्यांच्या नियोजित खर्चाविषयीं विचारतो. त्यावरून २०२३ सालीं एकंदर २४ अब्ज डॉलर, म्हणजे माणशीं सुमारें १९२ डॉलर, खर्चाचा अंदाज निघाला. २०२४ सालीं तो २२.४ अब्ज होता. हा पैसा मुख्यत्वें खाद्यपदार्थ, मिठाई, वस्त्रें व भेटवस्तु यांवर जातो.

मिठाईंत चॉकोलेटच्या अंड्यांस मोठा मान आहे. पूर्वीं युरोपांत सणाआधींच्या उपवासकाळांत अंडीं वर्ज्य असत; म्हणून ईस्टरच्या दिवशीं तीं खाण्यांत मोठी गोडी वाटे. १८७३ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टॉल येथील फ्राय कंपनीनें चॉकोलेटचें अंडें विक्रीस आणिलें. पुढें पुष्कळ घरांतून उपवास गेला, अंडें मात्र राहिलें.

तें अंडें ज्या कोकोचें होतें, त्याचें निम्म्याहून अधिक पीक आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत निघतें. तेथें कोकोच्या कामीं सुमारें १५ लाख ६० हजार मुलें बालमजुरी करीत होतीं, असें २०२० सालच्या एका संशोधन-अहवालांत नमूद आहे. एका लेंकराच्या सणाची गोडी दुसऱ्या लेंकराच्या श्रमांतून यावी काय?

वाचकहो, परक्यांचा न्याय करणें सोपें. आपल्या खेड्यांत चॉकोलेट नसेल. पण नवें लुगडें व गोडाधोडाचें जेवण यांसाठीं उधारी होते कीं नाहीं? ज्या घरीं सोमवारीं दुकानदार वही घेऊन उभा राहतो, त्या घरचा रविवार मोकळ्या मनानें कसा जाईल? कबरेपाशीं जी वार्ता मिळाली तिला मोल पडलें नव्हतें.

मननार्थ प्रश्न : १. गेल्या सणाचें देणें अद्याप राहिलें आहे काय? २. यंदा आपल्या खर्चांतला कोणता भाग शेजारच्या गरजवंताकडे वळवितां येईल?