दारापर्यंतच्या तारेची मक्तेदारी

अर्थशास्त्राच्या तासाला बाजाराचे प्रकार शिकताना आपण पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, द्वयाधिकार, अल्पाधिकार अशी एक शिडी पाठ करतो. परीक्षेत आकृत्या काढतो, गुण मिळवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या शिडीच्या कोणत्या पायरीवर आपण स्वतः ग्राहक म्हणून उभे आहोत, याचा विचार मात्र सहसा होत नाही. दूरध्वनी आणि इंटरनेट या सेवा त्या दृष्टीने तपासून पाहण्यासारख्या आहेत. या धंद्यात तीव्र स्पर्धा आहे असे आपण वाचतो, जाहिरातीही तसेच सांगतात. पण घरात तारेची जोडणी घ्यावयाची म्हटली की पुष्कळ ठिकाणी एकच दुकान उघडे असते. ही विसंगती कशी निर्माण होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्यासाठी मी अमेरिकेचा दाखला मुद्दाम निवडला आहे. अमेरिका म्हणजे खुल्या स्पर्धेचे माहेरघर असा तिचा लौकिक. तेथे दूरध्वनीची मक्तेदारी मोडण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, दोनदा झाला. तरीही स्थानिक सेवेत स्पर्धा फारशी रुजली नाही.

तारेचे अर्थशास्त्र

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. रस्ता खणणे, खांब उभारणे, परवानग्या मिळविणे, घरोघर तार ओढणे, हा सारा खर्च पहिला पैसा हाती येण्यापूर्वीच करावा लागतो. एकदा तार पडली की तिच्यावरून आणखी एक संभाषण किंवा आणखी एक चित्रपट वाहून नेण्याचा सीमान्त खर्च मात्र नगण्य असतो. समजा, एका आळीत शंभर घरे आहेत. एकच कंपनी असेल तर तारेचा खर्च शंभर घरांवर विभागला जाईल. दुसरी कंपनी आली आणि दोघींनी घरे निम्मी निम्मी वाटून घेतली, तर प्रत्येकीला खर्च जवळपास पूर्ण करावा लागेल आणि तो विभागण्यासाठी घरे मात्र पन्नासच मिळतील. म्हणजे दर घरामागे खर्च दुप्पट झाला. यालाच आपण नैसर्गिक मक्तेदारी म्हणतो.

यात आणखी एक मेख आहे. जमिनीत पुरलेली तार उपटून दुसऱ्या गावी नेता येत नाही. धंदा बसला तर तो पैसा बुडाला. जुन्या कंपनीचा खर्च बहुधा केव्हाच वसूल झालेला असतो. नवा प्रतिस्पर्धी येताच ती दर उतरवू शकते. नवागताला हे ठाऊक असते, म्हणून तो त्या गावाच्या वाटेला जातच नाही. दाराला कुलूप नसूनही आत कोणी येत नाही, असा हा प्रकार आहे.

दोन दोन फोनांचा काळ

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले. मूळ पेटंटांची मुदत १८९३ व १८९४ मध्ये संपली आणि गावोगावी स्वतंत्र कंपन्या निघाल्या. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ निम्मे फोन या स्वतंत्र कंपन्यांकडे होते. पण एका कंपनीचा फोन दुसरीच्या फोनला जोडलेला नसे. पुष्कळ व्यापाऱ्यांना दुकानात दोन दोन फोन ठेवावे लागत. बेल कंपनीची मालक संस्था ए. टी. अँड टी. हिचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी देशभर एकच यंत्रणा असावी, हे धोरण पुढे रेटले. कंपनी प्रतिस्पर्ध्यांना विकत घेऊ लागली. १९१३ मध्ये सरकारशी तडजोड होऊन स्वतंत्र कंपन्यांना तिच्या लांब पल्ल्याच्या तारा जोडून देण्याचे तिने मान्य केले. १९२१ मध्ये मात्र दूरध्वनी कंपन्यांच्या विलीनीकरणाला कायद्यानेच सूट मिळाली आणि पुढली साठ वर्षे मक्तेदारी निर्वेध चालली.

या काळातून एक धडा मिळतो. नुसत्या कंपन्या अनेक असून भागत नाही. त्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर ग्राहकालाच शेवटी एक मोठी यंत्रणा बरी वाटू लागते.

विभाजन आणि त्यानंतर

१९७४ मध्ये अमेरिकन सरकारने ए. टी. अँड टी. वर मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन झाले. तिच्या बावीस स्थानिक कंपन्या सात प्रादेशिक कंपन्यांत गुंफण्यात आल्या. लांब पल्ल्याची सेवा ए. टी. अँड टी. कडे राहिली.

परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. लांब पल्ल्याच्या सेवेत एम. सी. आय., स्प्रिंट यांसारख्या कंपन्यांशी खरी चुरस लागली आणि दर उतरले. १९९५ मध्ये या क्षेत्रात ए. टी. अँड टी. चे वर्चस्व उरले नसल्याचे संघीय दळणवळण आयोगानेच जाहीर केले. स्थानिक सेवा मात्र होती तशीच राहिली. एका मोठ्या मक्तेदाराच्या जागी सात प्रादेशिक मक्तेदार आले, एवढेच. शहराशहरांमधल्या तारा अनेकांनी टाकल्या. केंद्रापासून घरापर्यंतची तार मात्र एकाचीच राहिली.

दुसरा प्रयत्न १९९६ च्या दूरसंचार कायद्याने झाला. या कायद्याने नवागतांना तीन मार्ग मोकळे केले. त्यांनी स्वतःच्या तारा टाकाव्यात, जुन्या कंपनीच्या तारा खर्चावर आधारित भाड्याने घ्याव्यात, किंवा तिची सेवा घाऊक दराने घेऊन किरकोळीत विकावी. फोन क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोयही या कायद्याने सक्तीची केली. कागदावर योजना उत्तम होती.

अडचण व्यवहारात आली. कल्पना करा, रस्ता ज्याच्या मालकीचा त्याचीच एक गाडी त्यावर धावते, आणि इतर गाडीवाल्यांनी फाटकाची किल्ली त्याच्याकडेच मागावयाची. किल्ली नाकारता येत नाही, पण शोधायला वेळ लावता येतो. नवागतांची यंत्रे जुन्या कंपनीच्या केंद्रातच बसवावयाची होती आणि प्रत्येक ग्राहकाची तार तिच्याच माणसांनी जोडून द्यावयाची होती. शिवाय भाड्याच्या दरांवरून वर्षानुवर्षे खटले चालले. दर ठरविण्याची आयोगाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उचलून धरली. तोवर कोव्हॅड, नॉर्थपॉइंट व रिदम्स या तारा भाड्याने घेणाऱ्या तिन्ही कंपन्या २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्या होत्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या उधळेपणाचा आणि शेअरबाजारातील कोसळीचाही वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. पुढे नियमही सैल झाले. नव्या प्रकाशतंतूंच्या तारा इतरांना भाड्याने देण्याच्या बंधनातून २००३ मध्ये बव्हंशी सूट मिळाली. २००५ मध्ये इंटरनेट सेवा जुन्या दूरध्वनीच्या नियमांतून बाहेर काढण्यात आली. दरम्यान १९८४ च्या सात कंपन्या विलीन होत होत तीन समूहांत सामावल्या. त्यांतील एकीने २००५ मध्ये ए. टी. अँड टी. हीच विकत घेतली आणि तिचेच नाव धारण केले.

दोन तारा पुरेत काय?

यावर असा आक्षेप घेता येईल की, घरात केबल टीव्हीची तारही येते. मग दूरध्वनी कंपनी आणि केबल कंपनी यांच्यात स्पर्धा होणारच. प्रश्न असा की, दोघे पुरेत काय? फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचे उदाहरण घेऊन दाखविले की, दोन विक्रेते असता किंमत मक्तेदारीपेक्षा खाली येते, पण पूर्ण स्पर्धेच्या पातळीला पोहोचत नाही. शिवाय हे दोन झरे सारखे नाहीत. तांब्याच्या जुन्या फोनतारेवरून येणारा वेग केंद्रापासूनच्या अंतरागणिक घटत जातो. ज्याला जास्त वेग हवा आणि ज्याच्या दारी प्रकाशतंतू पोहोचलेला नाही, त्याच्यापुढे बहुधा केबल कंपनी हा एकच पर्याय उरतो.

केबल कंपन्याही एकमेकींच्या गावात क्वचितच शिरतात. २०१४ मध्ये कॉमकास्टने टाइम वॉर्नर केबल विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा आपली क्षेत्रे वेगळी असल्यामुळे ग्राहकाची निवड कमी होणार नाही, असा युक्तिवाद तिने केला. युक्तिवाद तर्कशुद्ध होता. पण स्पर्धा कमी होणार नाही, कारण ती मुळात नव्हतीच, हाच त्याचा अर्थ! विरोधामुळे २०१५ मध्ये तो बेत सोडावा लागला.

आकडेवारीतही एक गफलत होती. २०२२ मध्ये नवा नकाशा येईपर्यंत अमेरिकेत जनगणनेच्या एका गटातील एका जरी घराला सेवा मिळू शकत असली, तरी सबंध गटाला ती उपलब्ध आहे असे धरले जाई. माझ्या मते येथेच विषयाचे मर्म आहे. देशात किती कंपन्या आहेत, हा प्रश्न ग्राहकाच्या कामाचा नाही. त्याची बाजारपेठ म्हणजे त्याचा पत्ता. त्या दारी किती तारा येतात आणि त्या कोणाच्या आहेत, एवढेच विचारावयाचे.

निराळ्या वाटा

हे दुखणे असाध्य मात्र नाही. फ्रान्समध्ये तारांचे भाडे व अटी यांवर नियामकाने पकड ठेवली. जुन्या सरकारी कंपनीच्या तारा वापरून 'फ्री' या नवख्या कंपनीने २००२ मध्ये महिना ३० युरोंच्या आत वेगवान इंटरनेट देऊ केले. ब्रिटनमध्ये तारा सांभाळणारा विभाग २००६ पासून मूळ कंपनीच्या विक्रीव्यवहारापासून अलग काढण्यात आला, म्हणजे फाटकाची किल्ली गाडीवाल्याच्या हातून काही अंशी तरी काढून घेतली. खुद्द अमेरिकेत टेनेसीमधील चॅटनूगा शहराच्या सार्वजनिक वीज संस्थेने प्रकाशतंतू टाकून २०१० मध्ये आपल्या सर्व क्षेत्रात एक गिगाबिटची सेवा दिली. शेजारच्या गावांनीही ती मागितली. पण राज्याच्या कायद्याने तिला वीजक्षेत्राबाहेर जाण्यास मनाई होती. आयोगाने २०१५ मध्ये ही मनाई दूर केली, तर न्यायालयाने २०१६ मध्ये आयोगाचा निर्णय रद्द ठरविला. अलीकडे बिनतारी घरगुती जोडण्या आणि उपग्रह यांमुळे तिसरा पर्याय काही ठिकाणी दिसू लागला आहे. तो किती टिकतो, हे पाहावयाचे.

आपल्याकडे

आपल्याकडे दूरध्वनी हे दीर्घकाळ सरकारी खातेच होते. १९९४ च्या धोरणाने स्थानिक सेवा खाजगी कंपन्यांना खुली झाली. पण घरोघर तारा टाकण्याचे काम मोठ्या शहरांपलीकडे फारसे गेले नाही. २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांना वापरू द्याव्यात अशी शिफारस केली. सरकारने मात्र त्याची सक्ती केली नाही. मोबाइलला घरोघर तार लागत नाही, म्हणून तेथे स्पर्धा झपाट्याने आली. परंतु २०१६ नंतरच्या विलीनीकरणांत तेथेही कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. भारतनेट योजनेचा प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरले. पंचायतीपासून घरापर्यंतचा प्रश्न पुन्हा तोच.

आमच्या आळीत एकाच केबलवाल्याची तार येते. पावसाळ्यात ती तुटली आणि तक्रार केली, की "दुसऱ्याकडून घ्या" असे उत्तर मिळते. दुसरा कोणी नाही, हे त्यालाही ठाऊक असते. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे आज याच तारेवरून येते. २०२० मध्ये महाविद्यालये बंद असताना रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या कोकणातील विद्यार्थ्यांना हे सांगावयास नको.

सारांश, बंदी उठविणे ही स्पर्धेची सुरुवात आहे, पूर्ती नव्हे. तार एकाची असणे कदाचित अटळ असेल. पण ती कोणत्या अटींवर सर्वांना खुली राहील, हे ठरविणे समाजाच्या हाती आहे. रस्ता एक असला तरी गाड्या अनेकांच्या धावू शकतात. फाटकाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे पाहण्याची सवय मात्र आपण, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, लावून घेतली पाहिजे.