उभ्याने लाकूडकाम : टेबल किती उंच?

प्रश्न : कमरेच्या दुखापतीनंतर डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. लाकूडकामाचे टेबल किती उंच करू?

उत्तर : सरळ उभे राहून कोपराची उंची मोजा, टेबलाचे माप तिथून ठरते. कोरीवकामात नजर जवळ न्यावी लागते, पृष्ठभाग खाली असला की मान आणि कंबर झुकतेच. म्हणून तो कोपराच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर हवा. मग सगळे टेबलच का उचलू नये? कारण रंधा मारताना अंगाचा भार वरून पडावा लागतो, त्यासाठी पृष्ठभाग कोपराच्या निदान 20 सेंटिमीटर खाली लागतो. तेव्हा टेबल तसेच ठेवून कोरीवकामापुरती त्यावर भक्कम पेटी आवळून बसवा. सतत उभे राहणेही कमरेला सोसत नाही. आळीपाळीने पाय टेकायला बुटका पाट आणि शेजारी उंच स्टूल हवेच. रंधा मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हाती घेऊ नका.