परदेशी पाखरू आणि देशी कायदा

(बी. ए. भाग २)

"परदेशी पाखरू चालतंय आन् आपलं चालत नाही, ह्यो कुठला न्याय?"

हा प्रश्न माझ्या आईने मला विचारला. आई विडी कामगार आहे. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. परंतु तिच्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला, आमच्या घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलीला, कित्येक दिवस वाचनालयात बसावे लागले. त्या वाचनातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

आम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीत राहतो. २००६ साली कामगारांच्या हाती आलेली ही दहा हजार घरांची वसाहत. येथे जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात मांडीवर सूप घेतलेली बाई आणि तिच्यापुढे तेंदूची पाने दिसतील. २०२४ च्या जुलै महिन्यात, मी प्रथम वर्षात नुकताच प्रवेश घेतला होता, तेव्हा एका संध्याकाळी शेजारचे अण्णा आमच्याकडे आले. अण्णा यंत्रमागावर काम करतात आणि घरामागच्या आडोशाला पक्षी पाळतात. त्यांच्याकडे 'लव्हबर्ड' आहेत, कॉकाटेलच्या तीन जोड्या आहेत आणि भिशीचे पैसे घालून आणलेली पिवळ्या-केशरी रंगाची सन कॉन्युअरची एक जोडी आहे.

"पोरी, तू कालेजात शिकतीस. परदेशी पाखरं सरकार उचलून नेणार म्हनत्यात. खरं काय ते वाचून सांग," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी वाचू लागले.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्याचा रोख देशातील वन्यजीवांकडे होता. १९७३ साली वॉशिंग्टन येथे वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी एक करार झाला. त्याला 'सायटीस' असे म्हणतात. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. या करारात जीवांची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात नामशेष होण्याच्या वाटेवर असलेले जीव येतात. दुसऱ्यात, व्यापार आवरला नाही तर त्या वाटेला लागतील असे जीव येतात. तिसऱ्यात, एखाद्या देशाने आपल्यापुरते संरक्षण मागितलेले जीव येतात.

करार झाला, परंतु परदेशी जीव एकदा देशात येऊन घरात पोहोचला की त्याच्याविषयी आपला वन्यजीव कायदा पुष्कळ वर्षे मौन होता. हे मौन जून २०२० मध्ये प्रथम सुटले. असे प्राणी बाळगणाऱ्यांनी स्वतः होऊन माहिती द्यावी, ठरलेल्या मुदतीत दिल्यास कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, अशी योजना केंद्र सरकारने जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि सायटीसच्या परिशिष्टांतील जीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. असा जीव ज्याच्याजवळ आहे त्याने सहा महिन्यांच्या आत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी, असे त्यात सांगितले होते. अण्णा आमच्या घरी आले तेव्हा त्यातील जेमतेम दीड महिना उरला होता.

पाळणाऱ्यांच्या चिंता

अण्णांची पहिली चिंता पावतीची. सोलापूरच्या बाजारात पक्षी घेताना पावती कोण मागतो आणि कोण देतो? दुसरी चिंता भूतकाळाची. "मी घेतली तवा कुठं कायदा व्हता?" असे ते पुन्हा पुन्हा विचारीत. तिसरी चिंता पुढची. जोडीने अंडी घातली, पिल्ले झाली, एखादे मेले, एखादे कुणाला दिले, तर दर वेळी कळवावे लागणार. पहिल्या परिशिष्टातील जीवांची पैदास करायची तर परवानाच हवा. आफ्रिकन ग्रे हा बोलका राखी पोपट २०१७ पासून त्या परिशिष्टात आहे. चौथी चिंता मोठी: नोंद करायला जावे तर आपणच सरकारला आपला पत्ता दिला असे होईल, न करावी तर गुन्हा होईल. कायदा मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सर्वसाधारण तरतूद आहे. यंत्रमागावरच्या माणसाने एक लाख हा आकडा फक्त ऐकलेला असतो.

या चिंता हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. जो माणूस पहाटे उठून पिंजरा धुतो, स्वतःच्या चहाआधी पाखरांना पाणी देतो, त्याला आणि विमानतळावर पेटीत प्राणी कोंबून आणणाऱ्या तस्कराला एकाच मापाने मोजले जाईल ही भीती स्वाभाविक आहे.

परंतु नीट वाचल्यावर अर्धी भीती अज्ञानाची होती असे ध्यानात आले. आपण ज्याला बाजारात 'लव्हबर्ड' म्हणतो तो बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतो. बजरीगर, कॉकाटेल आणि गुलाबी तोंडाचा खरा लव्हबर्ड हे सायटीसच्या परिशिष्टांत नाहीत. त्यांची नोंद करण्याचे कारणच नाही. नोंद करायची होती ती फक्त सन कॉन्युअरच्या जोडीची. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुदत संपण्यापूर्वी आम्ही दोघांनी बसून त्या जोडीचा अर्ज भरला.

दुसरी बाजू

मग हा खटाटोप कशासाठी? सन कॉन्युअर मूळचा दक्षिण अमेरिकेचा, गयाना व उत्तर ब्राझील या भागातला. जगभरच्या पिंजऱ्यांत तो दिसतो, परंतु पिंजऱ्यांसाठीच पकडून नेल्यामुळे स्वतःच्या रानात तो धोक्यात आला आहे. येथे पिंजऱ्याला मागणी वाढली की तेथे रानात जाळे पडते.

दुसरे कारण आपल्या अंगणात आहे. परका जीव हातून सुटला किंवा कंटाळून सोडला, तर काय होते? १८४७ साली बेन्सन नावाच्या एका इंग्रज शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. त्या एका बागेत सोडल्या गेल्या. आज ती गोगलगाय देशभरच्या शेतकऱ्यांना छळते आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर सुटले आणि तेथील लहानमोठे प्राणी फस्त करू लागले. इतके दूर कशाला जायचे? आपल्या उजनी जलाशयातील मच्छीमारांना विचारा. काचेच्या पेटीत काच साफ ठेवण्यासाठी आणलेला सकर मासा मोठा झाला की लोक पाण्यात सोडून देतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातील हौस अशी दुसऱ्याच्या पोटावर येते. नव्या दुरुस्तीने अशा आक्रमक परक्या जीवांची आयात व बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, तो याच कारणाने.

आमचा मिठू

आता आईच्या प्रश्नाकडे वळते. अण्णांसाठी वाचता वाचता मला जे कळले ते मी चार दिवस घरात बोलले नाही. आमच्याकडेही एक पक्षी होता. मिठू. साधा हिरवा पोपट, गळ्याला गुलाबी कंठ. मी तिसरीत असताना बाबांनी तो आणला होता. आई विड्या वळताना तो पिंजऱ्यातून शीळ घालायचा आणि आईही शीळ घालून उत्तर द्यायची. सायटीसच्या परिशिष्टांत हा पोपट नाही, परंतु आपल्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. देशी रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. मिठूची नोंद कोणत्याही मुदतीत होणार नव्हती. तो ठेवणेच गुन्हा होता.

आईला सांगितले तेव्हा तिने सुपातून मानही वर केली नाही. नंतर तो प्रश्न विचारला.

मला सापडलेले उत्तर असे आहे. कायदा पक्ष्याला 'तू देशी की परदेशी' एवढेच विचारीत नाही, तर 'तू कुठून आलास' हे विचारतो. ऑस्ट्रेलियाने आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० पासून बंद केली. त्यामुळे अण्णांचे कॉकाटेल पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. त्यांच्यामुळे कुठले घरटे ओस पडत नाही. आपला हिरवा पोपट मात्र बाजारात येतो तो झाडाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू म्हणून. अशी कित्येक पिल्ले वाटेतच मरतात. आमच्या मिठूमागे किती मेली असतील? गंमत म्हणजे हाच पोपट लंडनच्या बागांत सुटून वाढला आहे आणि तेथे तो परका ठरला आहे. जीव परका की आपला हे त्याच्या रंगावर नव्हे, जागेवर अवलंबून असते.

१९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर मी फोन केला. मिठूला उडता येत नव्हते, म्हणून परस्पर सोडून देणे क्रूरपणाचे झाले असते. कर्मचारी आले, नाव-पत्ता लिहून घेतला आणि त्याला घेऊन गेले. आईने पेरूची एक फोड बरोबर दिली. त्या दिवशी तिच्या विड्या नेहमीएवढ्या झाल्या नाहीत.

समारोप

या सर्व विचारांतून मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली सरकारला. राजपत्र हिंदीत व इंग्रजीत निघते. ज्याच्या पिंजऱ्याविषयी ते आहे, त्याच्या भाषेत ते चावडीपर्यंत आले पाहिजे. फ्लोरिडात २०२१ साली घोरपडीसारख्या दिसणाऱ्या इग्वानावर बंदी आली, तेव्हा आधीपासून पाळणाऱ्यांना विनाशुल्क परवाना देऊन प्राणी ठेवू दिले. पाळणाऱ्याला विश्वासात घेतले तर तो लपवीत नाही, हे आपल्याकडेही लक्षात घ्यावे. दुसरी गोष्ट पाळणाऱ्यांना. घेण्यापूर्वी पक्ष्याचे खरे नाव विचारा, पावती मागा, आणि जे सांभाळवत नाही ते तळ्यात किंवा रानात सोडू नका. माया खरी असेल तर तिला चौकशीचे भय वाटण्याचे कारण नाही.

माझे उत्तर आईला पूर्ण पटले आहे असे मी म्हणणार नाही. हा अंक हाती आला की मी हा लेख तिला वाचून दाखवणार आहे. ती पुन्हा काहीतरी विचारील याची मला खात्री आहे.