घरातील दुर्लक्षित जागा आणि पवित्रतेची जबाबदारी

माननीय उमर (रजि.) यांचे निवेदन सहीह मुस्लिममध्ये आले आहे. एका मनुष्याने वुजू केले, परंतु त्याच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दृष्टीस ती पडली. त्यांनी त्याला परत जाऊन उत्तम प्रकारे वुजू करण्यास सांगितले. तो परत गेला, त्याने वुजू केले आणि मग नमाज अदा केली. आणखी एका प्रवासात अस्रच्या नमाजची वेळ झाली होती. सहाबांनी घाईघाईने वुजू केले आणि काहींच्या टाचा कोरड्या राहिल्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) मोठ्या आवाजात अशा टाचांसाठी नरकाग्नीचा इशारा दिला (बुखारी, मुस्लिम).

वाचकहो, या दोन प्रसंगांवर थोडा विचार करा. चेहरा धुण्यास कोणी विसरत नाही, कारण तो सर्वांसमोर असतो. टाच मागे असते; ती न धुतल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि बऱ्याचदा स्वतःच्याही लक्षात येत नाही. घाईच्या वेळी माणूस नेमका तिलाच सोडून देतो. म्हणून प्रेषितांनी (स.) चेहऱ्याबद्दल नव्हे, तर टाचेबद्दल सावध केले.

आपल्या घरांचीही एक टाच असते. बैठकीची खोली रोज झाडली जाते, कारण तेथे पाहुणे बसतात. परंतु फ्रिजमागची ताटली, मोरीची जाळी, न्हाणीघरातील लोट्याचा तळ, माळ्यावरचे जुने डबे यांच्याकडे महिनोन्‌महिने कोणी पाहत नाही. या लेखात अशाच जागांचा विचार करावयाचा आहे.

सांधे आणि कोपरे

माननीय आयेशा (रजि.) यांच्या निवेदनानुसार ज्या दहा गोष्टी मानवी प्रकृतीला अनुरूप म्हणून सांगण्यात आल्या, त्यांत बोटांचे सांधे धुणे ही एक आहे (मुस्लिम). बोटे तर प्रत्येक जण धुतो. मग सांध्यांचा वेगळा उल्लेख का? कारण मळ सपाट जागी टिकत नाही, तो सांध्यांत व घड्यांत साचतो. घरातही हेच घडते. फ्रिजच्या दाराचे रबर, मिक्सरच्या भांड्याखालचा भाग, गॅसच्या शेगडीची बटणे, दाराच्या कड्या, दिव्यांची बटणे, हातात सतत असणारा मोबाईल हे सर्व घराचे सांधे होत. ज्या वस्तूला घरातील प्रत्येकाचा हात लागतो, तीच बहुधा कधी पुसली जात नाही.

मळ आणि नजासत

येथे एक फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पंख्याच्या पात्यांवर बसलेली धूळ हा मळ आहे. ती नजासत नव्हे. तिच्यामुळे नमाजला बाधा येत नाही. अल्लाहने आपल्या धर्मात अडचण ठेवलेली नाही. म्हणून प्रत्येक डागाविषयी शंका घेत बसणे आणि पुनःपुन्हा धूत राहणे हा वसवसा आहे; त्यापासून स्वतःला वाचविले पाहिजे.

परंतु खऱ्या नजासतीच्या बाबतीत निष्काळजीपणा करणे हे गंभीर आहे. प्रेषित (स.) दोन कबरींजवळून जात असताना त्यांनी सांगितले की, या दोघांना यातना होत आहेत, आणि त्याही लोकांना मोठ्या न वाटणाऱ्या गोष्टींमुळे. त्यांपैकी एक जण लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला जपत नसे (बुखारी, मुस्लिम). शौचालयाची फरशी, तेथील चपला, पायजम्याच्या मोऱ्या, लहान बाळाच्या गादीखालची बाजू या जागा त्या दृष्टीने तपासाव्यात. बाळाने गादी ओली केली तर ती केवळ उलटी करून ठेवू नये. त्या जागी पाणी ओतून धुवावे व उन्हात वाळवावी. शौचालयातील चपला घरात फिरवू नयेत.

साचलेले पाणी : मावळचा पावसाळा

मावळ तालुक्यातील इंदुरी येथे, दाभाड्यांच्या भुईकोट किल्ल्याच्या पायथ्याशी वाहणारी इंद्रायणी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तर महाराष्ट्रातील अतिशय मोठ्या पावसांपैकी एक पाऊस पडतो. पाणी वाहते तोवर ती कृपा आहे. घराच्या कोपऱ्यात साचले की तेच संकट होते.

डेंग्यू पसरविणारा एडिस डास गटाराच्या पाण्यात नव्हे, तर घरातील व घराभोवतालच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. फ्रिजमागची ताटली, कुंडीखालची थाळी, कूलरची टाकी, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे आणि झाकण नीट न बसणारे पिंप ही त्याची घरे आहेत. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते. मात्र भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात आणि पाण्यावाचून कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून कडा काथ्याने किंवा ब्रशने घासून धुतल्या पाहिजेत.

प्रत्येक मुसलमानावर सात दिवसांतून एकदा डोके व शरीर धुण्याचा हक्क आहे, असे प्रेषितांनी (स.) फरमाविले आहे (बुखारी, मुस्लिम). शुक्रवारी जुमाच्या गुस्लची तयारी आपण करतोच. त्याच दिवशी सकाळी घरातील पाण्याची भांडीही रिकामी करून घासली, तर लक्षात ठेवणे सोपे जाईल. हा शरीअतचा आदेश नव्हे. ती एक सोय आहे. परंतु एका ताटलीतल्या पाण्यामुळे घरातील किंवा शेजारच्या घरातील मूल तापाने फणफणले, तर तो केवळ विसराळूपणा राहत नाही. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) दिलेला इशारा आपण सर्वांनी ऐकला आहे. डास भिंत ओळखत नाही.

पिण्याचे पाणी आणि स्वयंपाकघर

भांडी झाकून ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण जाबिर (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोचली आहे (मुस्लिम). झोपेतून उठल्यावर हात धुतल्याविना भांड्यात घालू नये, कारण रात्री हात कोठे लागला हे माणसाला ठाऊक नसते, असेही त्यांनी सांगितले (बुखारी, मुस्लिम). आपल्याकडे पिंपात तांब्या बुडविण्याची सवय आहे. तांब्याबरोबर बोटेही बुडतात. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप वापरल्यास ही अडचण मिटते. गच्चीवरची टाकी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, रिकामी करून धुवावी.

मांस कापण्याची फळी आणि सुरीची मूठ या आणखी दोन विसरलेल्या जागा. त्या गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात, आणि त्याच फळीवर न धुता कोशिंबीर कापू नये. ओट्याचे फडके व भांडी घासण्याचा स्पंज दिवसभर ओले राहतात. ज्याने आपण स्वच्छता करतो तेच अस्वच्छ असेल तर सारा ओटा पुसूनही काय उपयोग? फडके रोज धुऊन वाळवावे, स्पंज वेळोवेळी बदलावा.

जानमाज आणि भिंती

पावसाळ्यात दमट हवेमुळे कपाटांच्या मागे भिंतीवर बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि ऊन पडताच खिडक्या उघडाव्यात. बुरशीमुळे दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. कुरआन ठेवण्याचे फडताळ कोरड्या फडक्याने पुसावे. जानमाज रोज अंथरली जाते, पण ती शेवटची केव्हा धुतली, हे कितीजण सांगू शकतील? ज्या जागी कपाळ टेकते, तेथे तेलाचा डाग पडून वास येऊ लागतो. अल्लाहपुढे नतमस्तक होण्याची ती जागा आहे. निदान महिन्यातून एकदा ती धुवावी.

मोरीच्या पलीकडे

मोरीची जाळी काढून केस व खरकटे रोज कचऱ्यात टाकावे. ते पाण्यासोबत ढकलू नये. मोरी साफ करताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

मोरीतून गेलेले पाणी आपल्या दृष्टीआड होते, नाहीसे होत नाही. इंदुरीच्या पुढे इंद्रायणी देहूला, तेथून आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेस मिळते. या वाटेवर वारकरी बंधू याच पाण्यात स्नान करतात आणि गुरे याच काठावर पाणी पितात. साचलेल्या पाण्यात घाण करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, आणि पाणवठा, वाट व सावली या जागा घाण करणे हे लोकांचे शाप ओढवून घेणारे कृत्य ठरविले आहे. शिळे तेल, औषधे व प्लास्टिक नदीच्या वाटेला लावणारे हात आपले नसावेत.

हे काम कोणाचे?

आपल्या अनेक घरांत स्वच्छता हे केवळ आई-बहिणींचे काम समजले जाते. घरात असताना प्रेषित (स.) काय करीत, असे विचारले असता माननीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात हात लावीत आणि नमाजची वेळ होताच निघून जात (बुखारी). टाकी धुणे, माळा काढणे, गटार मोकळे करणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी उचलावीत.

मस्जिद झाडणाऱ्या एका व्यक्तीचे निधन झाले, तेव्हा लोकांनी ती गोष्ट किरकोळ समजून प्रेषितांना (स.) कळविली नाही. त्यांनी विचारणा केली आणि कबरीवर जाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली (बुखारी, मुस्लिम). जे काम लोकांच्या नजरेत भरत नाही, ते अल्लाहच्या नजरेतून सुटत नाही. विसरलेला कोपरा त्याला ठाऊक आहे आणि तो कोपरा झाडणारा हातही ठाऊक आहे.

आज घरात एक फेरी मारून आपल्या घराची कोरडी टाच कोठे आहे ते शोधा. अल्लाह आम्हा सर्वांना शरीराची, घराची व अंतःकरणाची पवित्रता राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.